भेजा अख्खा द्या! (न्यूरोसायन्स शिकायला निघालेल्यांसाठी)

"अख्खा पाहिजे. सत्तूर मधोमध मारू नका."

डोंबिवलीतल्या मटणाच्या दुकानात रविवारी सकाळी साडेसहाला हे वाक्य मी वर्षातून दोनदा तरी बोलते. दुकानदार आता ओळखतो. पहिल्या वेळी त्यानं विचारलं होतं, "ताई, फ्राय करणार की मसाला?" मी म्हटलं, "कापून बघणार." रांगेत मागं उभे असलेले काका जरा बाजूला सरकले.

मी एका प्रयोगशाळेत तांत्रिक काम करते, 19 वर्षं झाली. नावाआधी डॉक्टर नाही. एमएस्सी करून कामाला लागले ती लागलेच. उंदरांच्या मेंदूचे काप काढायचे, ते रंगवायचे, फळमाश्यांच्या बाटल्या सांभाळायच्या, आणि दर उन्हाळ्यात येणाऱ्या मुलामुलींना हे सगळं शिकवायचं. मुलं हुशार असतात. ऑप्टोजेनेटिक्स, कनेक्टोम, क्रिस्पर अशी नावं तोंडावर असतात. मी विचारते, चेतापेशीच्या आत पोटॅशियम जास्त असतं की बाहेर? तिथं गाडी अडते. म्हणून हे लिहितेय: घरी बसून काय करता येतं, कोणत्या क्रमानं, आणि प्रयोगशाळेत शिरल्यावर हात कुठं भाजतात.

तर भेजा. बोकडाचा भेजा शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो. घरी आणल्यावर थंड पाण्याच्या वाडग्यात ठेवा. वरचं रक्तवाहिन्यांचं पातळ जाळं नळाच्या बारीक धारेखाली बोटांनी सोडवा, घाई नको. हात लावल्या लावल्या पहिली गोष्ट कळेल जी कुठल्याही आकृतीत कळत नाही: मेंदू घट्ट दह्याइतका मऊ असतो. प्रयोगशाळेतली निम्मी तंत्रं या एका अडचणीतून जन्मली आहेत. मऊ वस्तूचा पातळ काप काढायचा कसा?

शाळेत घोकलेली नावं आता ताटात शोधा. प्रमस्तिष्क म्हणजे वळ्यावळ्यांचा मोठा भाग. मागं फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं दिसतं ते अनुमस्तिष्क. त्याच्या खालून निघणारा देठ मस्तिष्कपुच्छाकडे जातो. भेजा उलटा करा. खालच्या बाजूला डोळ्यांकडून येणाऱ्या नसांची फुली दिसेल. पुढं वासाचे दोन गड्डे असतात, बोकडाचे चांगले ठसठशीत. पण सत्तुरानं बहुतेक वेळा तेच आधी जातात, म्हणून तर मी दुकानात एवढी कटकट करते. मग भेजा तासभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि ओल्या सुरीनं मधोमध आडवा कापा. बाहेरची करडी साल जेमतेम 2-3 मिलिमीटरची, आत सगळं पांढरं. करड्यात पेशींची शरीरं, पांढऱ्यात त्यांच्या लांब तारा, म्हणजे ॲक्सॉन. पांढरेपणा त्यांच्यावरच्या मायेलिन नावाच्या चरबीयुक्त वेष्टनाचा. डाव्या-उजव्या अर्धांना जोडणारा पांढरा पट्टाही कापल्यावर स्पष्ट दिसतो.

एक अर्धा भाग मिठाच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि मग कापून बघा. सुरी कशी सरळ जाते! आमच्याकडे हेच काम 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड करतं. ते प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं. उष्णता वेगळ्या मार्गानं घट्टपणा आणते, पण हेतू तोच. फॉर्मॅलिनची बाटली मात्र घरी आणू नका. डोळ्यांना आणि घशाला झोंबतं ते वेगळंच, ते कर्करोगकारकही आहे. शेवटी पाट, सुरी, हात साबणानं धुवा. माझ्या सासूबाईंनी त्या सुरीला वेगळी जागाच करून दिली आहे.

मटणाचं वावडं असेल तर कोळंबी घ्या. शाकाहारी असाल तर पुढच्या माश्यांच्या भागावर जा, तेवढंही पुरतं. कोळंबीच्या पाठीतला काळा धागा आपण "शीर" म्हणून काढतो, पण ते तिचं आतडं. खरी चेतारज्जू पोटाच्या बाजूला असते. कवच काढून कोळंबी उताणी करा, पायांच्या मधल्या रेषेत पांढुरका दोरा दिसेल आणि प्रत्येक खंडात त्याला बारीकशी गाठ. आपली मज्जारज्जू पाठीत, हिची पोटात. काही कोळंब्यांच्या जाड ॲक्सॉनमधून संदेश सेकंदाला 100 मीटरहून जास्त वेगानं जातो. पकडायला गेलं की शेपटी मारून निसटते ती त्याच जोरावर. त्याच मासळीबाजारात माकुलही (स्क्विड) असतं. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या प्लिमथला माकुलाचाच ॲक्सॉन वापरला, कारण तो अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्या आत तार घालता येते. 1952 मध्ये त्यांनी संदेशामागचं गणित मांडलं आणि 1963 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता ते गणित. इथं पुष्कळ जण पुस्तक मिटतात, आणि पुढं पाच वर्षं मशीनची बटणं दाबत राहतात, मशीन काय मोजतंय हे न कळता. एक दुपार द्या, पुरे. चेतापेशीच्या आत पोटॅशियम साधारण 140 मिलिमोलर (हे द्रावणातल्या प्रमाणाचं एकक), बाहेर 5. पेशीपटलात पोटॅशियमपुरत्याच फटी उघड्या आहेत असं धरा. पोटॅशियम बाहेर सांडायला लागेल. पण प्रत्येक कण बाहेर जाताना धन भार घेऊन जातो, त्यामुळे आतली बाजू ऋण होत जाते आणि तोच ऋण भार उरलेल्यांना मागं ओढतो. दोन्ही ओढी जिथं बरोबर होतात तो व्होल्टेज काढायचा. शरीराच्या तापमानाला: आधी 5 भागिले 140, त्याचा 10 पायाचा लॉग, आणि त्याला गुणिले 61.5. विजेच्या बिलाच्या पाठीवर करून बघा, उणे 89 मिलिव्होल्ट येईल. खरी पेशी विश्रांतीत उणे 70 च्या आसपास असते. हा फरक का? कारण थोडं सोडियमही आत झिरपतं. सोडियम बाहेर 145, आत 12 धरून तेच गणित करा, अधिक 67 च्या जवळ जाल. संदेश उठतो तेव्हा सोडियमचे दरवाजे क्षणभर उघडतात आणि व्होल्टेज या दुसऱ्या आकड्याकडे झेपावतो. मिलिसेकंदाचा खेळ! दरवाजे आपोआप बंद होतात, पोटॅशियम सगळं परत खाली आणतं.

हे शिकवताना "तारेतून वीज जाते तसं" असं म्हणणाऱ्याला मी थांबवते. ॲक्सॉनमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणी धावत नाही. कण पटलाच्या आत-बाहेर होतात, आणि एका जागेची उलथापालथ शेजारच्या जागेला उठवते. वानखेडेवर प्रेक्षकांची लाट फिरते ना, तशी. कोणी जागा सोडत नाही, उठतो आणि बसतो. नुकताच बसलेला लगेच उठत नाही म्हणून लाट मागं फिरत नाही. पेशीतही नुकतेच मिटलेले सोडियमचे दरवाजे थोडा वेळ उघडतच नाहीत, म्हणून संदेश एकाच दिशेनं जातो.

एवढं पचलं की माश्या पाळायच्या. केळ्यांवर घोंघावणारी ती बारीक चिलटं, फळमाश्या. काचेच्या बरणीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा, वर चिमूटभर बेकरीचं यीस्ट, खिडकीत एक दिवस उघडी ठेवा. माश्या आल्या की तोंडाला मलमल आणि रबरबँड. 25 अंशाला साधारण दहा दिवसांत अंड्यापासून माशी होते. पकडलेल्या सगळ्या प्रयोगशाळेतल्या मेलानोगॅस्टर जातीच्या नसतील, हरकत नाही. मोजायच्या असतील तर बरणी बर्फात दोन मिनिटं ठेवा, माश्या निपचित पडतात. पांढऱ्या कागदावर ओता. लहान, पोटाचं टोक काळं तो नर.

या चिलटांना मुंबईत मान आहे. 1962 मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचं काम सुरू केलं. पुढं 1976 मध्ये सिद्दिकी आणि अमेरिकी शास्त्रज्ञ सीमोर बेंझर यांचं, गरम झाल्यावर लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या चेतासंस्थेवरचं काम प्रसिद्ध झालं. व्हेरोनिका रॉड्रिग्स यांनी त्याच संस्थेत माश्यांच्या चव-वासाचा माग काढला. त्या लुळ्या पडणाऱ्या वाणांपैकी एकात सोडियमच्या दरवाजाचाच जनुक बिघडलेला असतो. 29 अंशांच्या वर गेलं की माशी कोसळते, गार झालं की उठून चालू लागते. एकदा मे महिन्यात आम्ही जेवायला गेलो तेवढ्यात माश्यांच्या खोलीतला एसी बंद पडला. परत आलो तर त्या वाणाच्या सगळ्या बाटल्यांमध्ये प्रेतं पडल्यासारखं दृश्य, आणि नवी आलेली मुलगी रडकुंडीला. बाटल्या गार खोलीत नेल्या. बघता बघता सगळ्या काचेवर चढल्या. बिलामागचं ते गणित तिला त्या दुपारी कळलं, मला वेगळं सांगावं लागलं नाही.

घरचा प्रयोग असा करा. उभ्या नळीत दहा माश्या, तळापासून 8 सेंटिमीटरवर पेननं रेघ. नळी हलकेच आपटली की सगळ्या तळाला जातात आणि मग सवयीनं वर चढतात. दहा सेकंदांत किती रेघ ओलांडतात ते मोजा. तीन दिवसांच्या माश्या आणि महिनाभराच्या माश्या यांची तुलना करा. म्हाताऱ्यांना दर तीन-चार दिवसांनी ताज्या केळ्यावर हलवावं लागतं. मोजणारा माणूस मात्र तुम्ही नको. नळ्यांवर फक्त क, ख लिहा आणि आईला मोजायला बसवा, कोणती नळी कुणाची हे न सांगता. स्वतः मोजलं की रेघेवर बसलेली तरुण माशी पलीकडे धरली जाते आणि म्हातारी अलीकडे. हा खोटेपणा नसतो, पण आकडे बिघडतात.

प्रयोगशाळेतल्या तंत्रांची यादी पाठ करू नका. प्रत्येक तंत्राला विचारा: तू दाखवतोस, ऐकवतोस, की डिवचतोस? आणि किती बारीक, किती वेगानं? ईईजी (डोक्यावर तारा चिकटवून मेंदूची वीज नोंदवणं) मिलिसेकंदांत ऐकवतो, पण कवटीतून येताना जागेचा पत्ता पुसट होतो. एफएमआरआय (चुंबकाच्या मशीनमधला मेंदूचा स्कॅन) जागा काही मिलिमीटरपर्यंत सांगतो, पण तो पेशींची वीज मोजतच नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक मोजतो, आणि रक्त सेकंदांच्या चालीनं चालतं. 1953 मध्ये एच. एम. या रुग्णाची अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली, दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला आणि त्याच्या नव्या आठवणी बनणं थांबलं; ते एका अर्थी डिवचणंच, नाइलाजानं घडलेलं. 2005 पासून तेच शेवाळातल्या प्रकाशसंवेदी प्रथिनानं करता येतं: निवडक पेशींत ते घालायचं, निळा प्रकाश टाकायचा, पेशी संदेश सोडते. हेच ते ऑप्टोजेनेटिक्स.

मी जास्त बोलणार आहे ती दोन तंत्रांबद्दल, कारण माझं आयुष्य त्यांत गेलं.

पहिलं रंगवणं. 1873 मध्ये इटलीत गॉल्जीनं पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून पेशी काळ्या केल्या. त्याची गंमत अशी की ते फार थोड्याच पेशी रंगवतं, पण ज्या रंगवतं त्या टोकापासून टोकापर्यंत. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा गोळा दिसला असता. स्पेनच्या काहालनं तीच पद्धत घेऊन पेशी सुट्या सुट्या असतात हे दाखवलं; गॉल्जी शेवटपर्यंत सलग जाळं मानत राहिला. 1906 चं नोबेल दोघांना मिळून दिलं. आज आम्ही बहुधा अँटिबॉडीनं रंगवतो. मेंदू 30 टक्के साखरेच्या पाण्यात तळाला बसेपर्यंत ठेवायचा, म्हणजे गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फाडत नाहीत. मग क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे गोठवून काप काढायच्या यंत्रात, उणे 20 ला 40 मायक्रॉनचे काप (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मुंबईच्या पावसाळ्यात क्रायोस्टॅटचं झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं तर पात्यावर दव गोठतं आणि काप गुंडाळी होतात. जुलैत मी शेजारी बोलायलाही कुणाला उभं करत नाही. पहिली अँटिबॉडी हव्या त्या प्रथिनाला चिकटते, दुसरी चमकणारी अँटिबॉडी पहिलीला.

एका वर्षी एका मुलानं मायक्रोस्कोपखालचा हिरवागार फोटो सगळ्यांना दाखवला. सुंदर होता. मी विचारलं, पहिली अँटिबॉडी न घातलेली स्लाइड कुठाय? केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी केली. तीही तेवढीच हिरवी. दुसरी अँटिबॉडी वाटेल तिथं चिकटत होती. तीन आठवडे गेले. कंट्रोल स्लाइड, म्हणजे अशी तुलनेची स्लाइड, जेवणातलं मीठ नव्हे, की राहिलं तर वरून घ्या.

दुसरं तंत्र पॅच क्लॅम्प. नेहर आणि साकमान यांनी 1976 मध्ये एकेका दरवाजातून वाहणारा प्रवाह मोजला, 1991 मध्ये नोबेल. काचेची नळी तापवून ओढायची, टोक मायक्रॉनभर. जिवंत मेंदूचा 300 मायक्रॉनचा काप, त्यावरून ऑक्सिजन फुगवलेलं द्रावण वाहतंय, आणि मायक्रोस्कोपखाली टोक पेशीला टेकवून तोंडातल्या नळीनं अगदी हलकेच ओढायचं. नारळपाण्याच्या स्ट्रॉसारखं ओढलंत तर पेशी गेली. पटल काचेला असं चिकटतं की विजेचा रोध गिगाओममध्ये, म्हणजे अब्जावधी ओममध्ये, जातो. पहिले दोन महिने रोज अपयश येतं. ते तसंच असतं, स्वतःला दोष देऊ नका. द्रावण करताना एक लक्षात ठेवा: आधी ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण दहा-पंधरा मिनिटं फुगवा, कॅल्शियम सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर द्रावण दुधाळ होतं आणि सकाळ फुकट.

आणि गुणगुण. पडद्यावर दर 20 मिलिसेकंदांनी येणारी एकसारखी लाट दिसली तर तो मेंदू नव्हे, ती भिंतीतली 50 हर्ट्झची वीज. एकदा चार दिवस आम्ही ती शोधत होतो. अर्थिंग तपासलं, तारांची जाळी पुन्हा जोडली. उपाय एकच: एकेक वस्तू बंद करायची आणि पडद्याकडे बघायचं. शेवटी सापडला तो खुर्चीखालच्या पॉवरबोर्डात विसरलेला मोबाइलचा चार्जर. कुणाचा होता ते सांगत नाही. माझा होता.

मोजणीबद्दल एकच. एका उंदराच्या शंभर पेशी नोंदवल्या म्हणजे नमुना शंभराचा झाला नाही, एकाचा झाला. एकाच घरातल्या शंभर पोळ्या मोजून डोंबिवलीच्या पोळ्यांचा व्यास सांगता येत नाही. पायथन थोडं शिकून ठेवा, आणि पहिला आलेख म्हणून आईनं मोजलेल्या माश्यांचाच काढा. वाचायला एकच शोधनिबंध घ्या आणि तो तीन आठवडे वाचा: आधी आकृत्या, मग पद्धती, गोषवारा शेवटी. प्रत्येक आकृतीखाली स्वतःच्या मराठीत लिहा की यात कंट्रोल कोणता.

मग प्रयोगशाळेचं दार. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावर फुकट अभ्यासक्रम आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची "चाय अँड व्हाय" ही व्याख्यानं कुणालाही खुली असतात. तिथं प्रश्न विचारायची सवय लागते. उन्हाळी कामासाठी त्याच संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम आणि देशातल्या तीन विज्ञान अकादमींची फेलोशिप, दोन्हीकडे अर्ज करा. पहिल्याच दिवशी उंदीर हातात मिळेल असं समजू नका. उंदरांसारख्या प्राण्यांवरच्या प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी लागते, आणि ती हवीच. घरी उंदीर, बेडूक यांच्या वाटेला जाऊ नका.

प्राध्यापकांना मेल करताना "मला मेंदूची लहानपणापासून आवड आहे" हे वाक्य काढून टाका. त्याच वाक्याची दिवसाला पाच मेल येतात. काय केलंय ते लिहा. मागच्या महिन्यात अंबरनाथच्या एका मुलाची मेल आमच्या सरांनी मला वाचायला दिली. चार ओळी होत्या. आजी डोळ्यांनी अधू म्हणून माश्या मोजायला धाकट्या बहिणीला बसवलं, तिला नळ्यांची नावं कळू दिली नाहीत. म्हाताऱ्या माश्या कमी चढल्या, पण एका नळीत उलटं झालं आणि त्याचं कारण सापडलं नाही, ते शोधायचंय. मी सरांना म्हटलं, बोलवा.

सोमवारी येतोय. पायात बंद बूट घालून ये, चपलांवर आत सोडत नाहीत, एवढंच त्याला कळवलंय.